दिवाकरभाऊंनी हरलेली पैज

भाऊ, आधी बातमी सांगते, मग भांडते. मोंगराचं शिंगरू जगलं! चार महिने पार केले पठ्ठ्यानं. पोट सपाट, अंगावरचे केस चकचकीत, आणि लाथ अशी सणसणीत की माझ्या गुडघ्यावर अजून निळा डाग आहे. दोन वर्षं सुखमतीच्या अंगणात एकाही गाढवाच्या पिल्लानं चौथा महिना पाहिला नव्हता. हे पाहून राहिलं. नुसतं पाहून राहिलं नाही, अंगणभर धिंगाणा घालून राहिलं.

ही बातमी ऐकायला तुम्ही हवे होते. तुम्ही काय केलं असतं तेही मला माहीत आहे. चष्मा कपाळावर चढवला असता, "बरं झालं ना मॅडम" म्हणाले असते आणि पुढची बाटली धुवायला घेतली असती. मला मात्र नाचावंसं वाटून राहिलं, भाऊ, आणि सोबत नाचायला कोणी नाही.

तुमच्या तेरवीला वहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, हे घरी आले की गाढवाचंच सांगत बसायचे. जेवताना सुद्धा." तुमचा पोट्टा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सच्ची आंटी, पापा खाते-खाते लीद की बात करते थे." सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला आवरेना. लोकांना वाटलं असेल, परिचर गेला तर डॉक्टरीणबाई एवढी काय रडते. वाटू दे.

भोपाळपासून तुटून आपलं नवं राज्य झालं, आपलं शहर राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. तुम्ही तिथं आधीपासून होते, मागच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपपाशी. भोपाळहून अधिकारी येऊन राहिले होते, जुन्या इमारतींवर नव्या पाट्या लागून राहिल्या होत्या. बुढापाऱ्याच्या जुन्या वस्तीत, सदर बाजारामागं, जो तो वरचा मजला चढवून भाड्यानं द्यायच्या घाईत. त्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही, ऑटोही अडकतो. मग विटा, रेती, मुरूम सगळं कुम्हारपाऱ्यातल्या, म्हणजे कुंभारांच्या वस्तीतल्या, गाढवांच्या पाठीवर. राजधानी राजधानी म्हणून एवढा डंका वाजत होता, आणि तिचे वरचे मजले गाढवं वाहत होती. पण आपल्या खात्याच्या फॉर्मवर गाय, म्हैस, बकरी, डुक्कर, कोंबडी झाली की शेवटचा रकाना "इतर". गाढव म्हणजे इतर. माझ्या नागपूरच्या आत्यानं फोनवर विचारलं होतं, "एवढं शिकून पोट्टी गाढवं तपासते काय?" मी फोन आपटला होता.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलं. मिठाच्या घट्ट पाण्यात लीद घोळवून ठेवली होती. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. वरच्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन तुम्ही मायक्रोस्कोपखाली ठेवला. "पाहा मॅडम," तुम्ही म्हणाले, "पाहुणे आले. मुक्कामाला आले." मी पाहिलं आणि माझ्या तोंडून "बाप रे" निघालं. काचेवर बोट ठेवायला जागा नाही इतकी अंडी. ती सुखमतीच्या मोंगराची लीद होती.

सुखमती म्हणजे पाऱ्यातली एकटी कुंभारीण, नवरा गेलेला, चाक स्वतः फिरवणारी, आणि दोन गाढवांवर विटा वाहून पोट भरणारी. मोंगरा तिची गाढवी. पाठीचा कणा मोजता येईल अशी झालेली. तिच्या पिल्लांची पोटं माठासारखी फुगायची, हातपाय काड्या व्हायचे, आणि एक दिवस ती उठायचीच नाहीत. पाऱ्यातले म्हणायचे नजर लागली. मी म्हटलं, नजर-बिजर काही नाही, पोटात जंत आहेत, औषध देऊ. दिलं. सगळ्या पाऱ्याला दिलं. महिना-दीड महिना गाढवं तरतरीत. मग पुन्हा तेच. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तीनदा झालं असं. तिसऱ्यांदा मी पाऱ्यात उभी राहून ओरडले, "ही लीद इथं ठेवू नका! बाहेर नेऊन फेका!" सगळे माना हलवून म्हणाले, "हव मॅडम, हव." पुढच्या खेपेला गेले तर अंगणं लख्ख. मी खुशीत परत आले.

आणि तुम्ही? तुम्ही रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सायकल काढून सुखमतीकडं चहा प्यायला गेले. सोमवारी कचेरीत सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, लीद कोणी फेकली नाही. पोत्याखाली झाकून ठेवली आहे. तुमची जीप दिसली का पोती टाकतात, अन् गाढवांचा चारा, भाताचा पैरा, त्याच पोत्यांवर टाकून राह्यले. ओली पोती, खाली उबारा. जंताच्या पिल्लाले याहून चांगलं घर कुठं भेटन? तुमी औषध देऊन राह्यल्या, अन् पाहुणे परत येऊन राह्यले. काहून येऊन राह्यले, हे इचारलं काय कोणी?"

माझं डोकं फिरलं. साहेब ऐकून राहिले होते, दोन नवे डॉक्टर ऐकून राहिले होते. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही बाटल्या धुवा. डॉक्टरकी मी करते."

तुम्ही "बरं मॅडम" म्हणाले आणि गेले बाटल्या धुवायला. ते वाक्य मला अजून सलतं, भाऊ. मी ते परत घेतलंच नाही. रोज वाटायचं, आज म्हणते, उद्या म्हणते. तुम्हाला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायला लागले, घरचे अनारसे डब्यातून आणून दिले, "भाऊ, तुमचं काय मत?" असं मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायला लागले. सगळं केलं. "चुकलं माझं" एवढं मात्र म्हटलं नाही. तुम्हीही कधी आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाले असते.

दुसऱ्याच दिवशी मी एकटीच पाऱ्यात गेले आणि सुखमतीच्या अंगणातलं पोतं उचललं. वाफाळती, ओलीगच्च लीद. सुखमती खाली मान घालून उभी. मी म्हटलं, खोटं काहून बोलली? तर ती म्हणाली, "लीद ला फेंक देबो त माटी म का मिलाबो, मैडम?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कुंभार मातीत लीद मळतो. तिच्याशिवाय माठ भाजताना तडकतात. मी ज्याला घाण म्हणून राहिले होते तो त्यांच्या धंद्याचा अर्धा माल होता, आणि डॉक्टरीणबाईला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून बिचाऱ्यांनी तो झाकून ठेवला होता. बुढापाऱ्यात जन्मले, मातीच्या माठातलं पाणी पिऊन वाढले, आणि मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही चहा प्यायला बसले होते.

तुमचा तोडगा ऐकून मात्र मी हसलेच होते. लीद फेकायची नाही. सकाळ-संध्याकाळ ताजी उचलायची, भट्टीजवळच्या गरम पत्र्यावर पातळ पसरून वाळवायची, कुटून चाळून मातीत घालायची. जंताची अंडी फुटून पिल्लं चालती व्हायला काही दिवस लागतात, त्याआधीच त्यांची राख. आणि पैरा जमिनीवर टाकायचा नाही, नांदेत टाकायचा. "नांद कुठून आणणार?" मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. कुंभाराच्या पाऱ्यात उभी राहून मी विचारत होते, नांद कुठून आणणार!

पण मी ऐकणारी थोडीच. म्हटलं, औषध वेळच्या वेळी नीट दिलं तर नांदेची गरज नाही. तुम्ही म्हणाले, नांद असली तर इतक्या औषधाची गरज नाही. आणि दिलंच तर ज्याच्या लिदेत अंडी जास्त त्यालेच द्या, सगळ्याइले काहून? यावर आपण आठ दिवस भांडलो. हा शेवटचा मुद्दा मी अजूनही मानत नाही, भाऊ. गेले म्हणून सोडणार नाही. औषध सगळ्यांना द्यावं.

नेमकं त्याच सुमारास पाऱ्यानं ठरवलं की बस झालं. मरत्या गाढवांना किती पोसणार? बाहेरगावचा एक व्यापारी दिवाळीनंतर ट्रक घेऊन येणार होता, उरलेली सगळी गाढवं एकदम उचलायला. कुठं नेतो, कोणी विचारत नव्हतं. सुखमती म्हणाली, मोंगरा गेली तर मी विटा डोक्यावर वाहीन, माझी मान अजून मोडली नाही. आणि हे बोलताना ती मोंगराच्या कानामागं खाजवत होती. मोंगरा तेव्हा गाभण होती.

मग आपली पैज लागली. पाऱ्याच्या मधोमध सरकारी नळ. नळाच्या अलीकडं सुखमतीकडची घरं, तिथं एकदा औषध आणि मग तुमची नांद. पलीकडं नुसतं माझं औषध, वेळापत्रकाप्रमाणं. दिवाळीच्या आधी सगळ्यांची लीद तपासायची. जो हरेल त्यानं तोंड बंद ठेवायचं. पाऱ्यालाही आपण सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबा, मग ट्रकात चढवायची तर चढवा.

आषाढात शिंगरू झालं. तुम्ही आणि सुखमतीनं पहिली नांद घडवली आणि मोंगरानं दुसऱ्याच दिवशी ती लाथेनं फोडली. दुसरी फोडली. तिसरीला तुम्ही विटांचा ओटा बांधला आणि स्वतः कोंडा हातात घेऊन तिच्यापुढं उकिडवे बसले. "खा वो माय, खा," म्हणत. पाऱ्यातली सगळी लेकरं भोवती जमून खिदळत होती. मी जीपमधून पाहत होते. मला हसू येत होतं आणि मनातून वाटत होतं, हरले पाहिजेत हे, नाहीतर माझं काही खरं नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण होतं तसं सांगते.

भाद्रपदात नळापलीकडं एका शिंगराचं पोट फुगायला लागलं. तुम्ही पावसात भिजत कचेरीत आले. "मॅडम, पैज गेली चुलीत. पलीकडंही नांद देऊ." मी म्हटलं, "भाऊ, औषध पुन्हा देऊ, पण नांद नाही. मधेच बदललं तर काय खरं, काय खोटं, कसं कळणार? दोनच महिने राहिले." तुम्ही दारातच उभे होते. अंगावरून पाणी गळून राहिलं होतं. मग म्हणाले, "बरं मॅडम."

तुमच्या "बरं मॅडम"चा अर्थ मला तोवर कळायला हवा होता.

अश्विनात तुम्ही गेले. सकाळी मिठाचं पाणी करून ठेवलं, काचा पुसून रांगेनं मांडल्या आणि दुपारी खुर्चीवरच. मला कोणी बोलावून आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीनंतर मी एकटीनं तपासणी केली. लीद गोळा केली, घोळवली, काचा एकेक करून पाहिल्या. अलीकडच्या घरांच्या काचांवर एखादंच अंडं, बाकी मोकळं मैदान. माझे डोळे भरून आले. म्हटलं, भाऊ, जिंकले तुम्ही. मग पलीकडच्या काचा घेतल्या.

त्याही मोकळ्या!

पुन्हा केल्या. पुन्हा मोकळ्या. आणि मी खुश झाले, भाऊ. सरळ सांगते. तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि मी त्या खोलीत टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! औषधानंही होतं! मी म्हणत नव्हते?" पैज जिंकले होते मी. नांद नसताना जंत गेले होते. दुपारी त्याच तोऱ्यात पाऱ्यात गेले आणि सुखमतीला सांगितलं, पलीकडं तर नुसत्या औषधानंच झालं.

सुखमती चाकावर पणत्या काढत होती. तिनं चाक थांबवलं, मातीचे हात पदराला पुसले आणि मला पलीकडच्या अंगणात घेऊन गेली. तिथं भिंतीशी एक मोठी नांद पालथी पडलेली. कुंभाराच्या अंगणात पालथी नांद दिसली तर कोण विचारणार? तिनं ती उलटी केली. आत पैऱ्याच्या काड्या चिकटलेल्या. पुढच्या अंगणात दुसरी. त्याच्या पुढच्यात तिसरी. प्रत्येक घरी. भट्टीमागं पत्रेही होते, वर लीद वाळत घातलेली.

"भाऊ बनवाए रहिस," ती म्हणाली. तुम्ही करवून घेतल्या होत्या. ज्या संध्याकाळी मी नाही म्हटलं, त्याच संध्याकाळी तुम्ही पावसात सायकल मारत पाऱ्यात आले. पलीकडच्या घराघरांत फिरले. म्हणाले, नांद ठेवा, रात्रंदिवस ठेवा, पण मॅडम आल्या का पालथी घाला. त्याइले सांगू नका. सुखमतीनं तुम्हाला विचारलं, मग पैजेचं काय, तुम्ही हरणार. तर तुम्ही म्हणाले, "हरन ना. माह्या हरण्यानं शिंगरू जगून राह्यलं तर काय वाईट आहे?"

काय करू, हसू की रडू? लबाड माणूस! इतके दिवस बरं मॅडम, बरं मॅडम करत माझ्या नाकाखालून सगळा पारा फिरवून टाकला! बरोबर होते आणि मला बरोबर ठरू देऊन मोकळे झाले. मी पैजेसाठी एक जीव थांबवून ठेवला होता आणि तुम्ही पैजच सोडून दिली. ते फुगल्या पोटाचं शिंगरू समोर उभं होतं, चांगलं धडधाकट, माझ्याकडं बघत कान हलवून राहिलं होतं. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. पाऱ्यातल्या लेकरांना पुन्हा खिदळायला मिळालं.

अहवाल मी त्याच आठवड्यात लिहिला. सगळं लिहिलं, माझी चूक, पोती, पालथ्या नांदी, काही लपवलं नाही. वर पहिलं नाव तुमचं घातलं, दुसरं माझं. साहेबांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, परिचराचं नाव अहवालावर घालायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग पद्धत आजपासून सुरू करा, नाहीतर हा अहवाल मला परत द्या. साहेबांनी कागद पुन्हा ओढला. मग सही केली. भाऊ, मी तुमच्यासारखी गोड बोलून काम काढणारी नाही, माझी आपली हीच तऱ्हा. आणि आता नव्या फॉर्मवर गाढवाचा स्वतंत्र रकाना येणार आहे, तसं पत्रही निघालं.

काल ट्रक आला. पाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला. व्यापारी उतरला, मागची फळी पाडली, दोरखंड काढले. मी मुद्दाम गेले होते, सुखमतीनं निरोप धाडला होता. नळापाशी सगळा पारा जमलेला, अलीकडचे, पलीकडचे. व्यापाऱ्यानं गाढवं पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. मरतुकडी मातीमोल भावात न्यायला आला होता. ही तर तेल लावल्यासारखी चमकून राहिली होती.

"मैडम," तो मला म्हणाला, "कौन सी दवा दे दी आपने?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, "दवा से नहीं हुआ, भैया. मेरी दवा तो तीन बार हार चुकी थी. ये सब हमारे दिवाकरभाऊ ने किया. मैं गलत थी, वो सही थे." पहिल्यांदा बोलले. कोणी हसलं नाही.

व्यापारी सुखमतीकडं वळला. गाढवीचा सौदा ठरला होता, तो म्हणाला. सुखमतीनं पदर कमरेला खोचला, मोंगराच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "नई बेचन. जा." मग पलीकडून एक जण बोलला, "हमू मन नई बेचन." मग दुसरा. मग सगळेच.

त्यानं दोरखंड गुंडाळले. फळी वर केली. ट्रकला वळायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यापर्यंत मागंमागंच गेला, आणि मोंगराचं शिंगरू कान उभे करून त्याच्यासमोर थेट रस्त्यापर्यंत ओरडत धावलं. रिकामा गेला, भाऊ. एक शेपूट सुद्धा नाही नेलं त्यानं.